पोलिसाच्या शरीराचे मोजमाप त्याच्या कामाने व्हावे : पोलीस महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,



पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावच्या डांबरी रस्त्यांवर पहाटे पाचला पोरे-पोरी पळताना दिसू लागतात. २०२४ च्या भरतीत १७ हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. या उमेदवारांचे शरीर आपले खाते बारकाईने मोजते. उंची, छाती, मग मैदानी चाचणी: शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावणे, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. गुण २०, १५ आणि १५, एकूण ५०. एखाद्या सेकंदाच्या फरकाने नोकरी लागते किंवा हुकते. एकदा निवड झाली आणि मूलभूत प्रशिक्षण संपले, की मात्र हे मोजमाप थांबते. विशेष पथके सोडली, तर पुढची तीस-पस्तीस वर्षे, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत, 'या माणसाचे शरीर त्याच्या आजच्या कामाला पुरे पडते का' हा प्रश्न खाते त्याला पद्धतशीरपणे विचारत नाही. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न दरवर्षी विचारला जावा, प्रत्यक्ष पोलिसी कामावरून बेतलेल्या चाचणीने विचारला जावा, आणि तिच्या तयारीचा वेळ ड्युटीतच मिळावा. हे पत्र त्यासाठी आहे.

आजची भरती चाचणी वाईट आहे असे मी म्हणत नाही. लाखो उमेदवारांतून निवड करायची तर चाचणी सोपी, सर्वांना सारखी आणि वशिल्याला जागा न ठेवणारी असावी लागते. घड्याळ आणि मोजपट्टी या कसोटीला उतरतात, आणि खेड्यातल्या गरीब घरच्या मुलाला या चाचणीने दिलेला न्याय मोठा आहे. पण ती ज्या गोष्टी मोजते त्या मैदानी स्पर्धांच्या आहेत. पुरुषांचा ७.२६० किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा गोळा लांब फेकणे हे तंत्राचे काम आहे. भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकॅडमीत मुले ते तंत्र महिनोन्महिने घोटतात आणि भरती झाल्यावर आयुष्यात पुन्हा गोळ्याला हात लावत नाहीत. पूर्वी पुरुषांच्या चाचणीत लांब उडी आणि पुलअप्स असत. २०१९ च्या बदलात मैदानी गुण शंभरवरून पन्नासवर आले आणि हे दोन्ही प्रकार गेले. स्वतःचे वजन स्वतःच्या पकडीवर ओढून घेण्याची जी एकमेव कसोटी होती, ती त्यात गेली.

पकडीचे एवढे काय, असे वाटेल. बीट मार्शलांच्या वाट्याला नेहमी येणारा एक प्रसंग जवळून पाहू. रात्री साडेअकराला ११२ वरून निरोप येतो: चौथ्या मजल्यावर नवरा दारू पिऊन बायकोला मारतो आहे. दोघे मोटारसायकलवरून पोचतात. लिफ्ट बंद. चार मजले म्हणजे साधारण सत्तर-ऐंशी पायऱ्या, पायात बूट, हातात काठी, आणि सकाळपासूनची ड्युटी अंगात मुरलेली. दार उघडते तेव्हा दम आधीच लागलेला असतो. समोर ऐंशी किलोचा, घामाने निसरडा झालेला, शुद्धीत नसलेला माणूस. त्याला इजा होऊ द्यायची नाही आणि त्याच्या हातून कुणाला होऊ द्यायची नाही. मनगट धरायचे, कोपर वळवायचे, कमरेच्या जोरावर त्याचा तोल काढायचा, त्याला पालथा जमिनीवर आणायचा, दुसरा हात पाठीमागे घ्यायचा आणि बेडी लावायची. या झटापटीत बोटे आणि मनगट फार लवकर थकतात. तिथून पुढचे काम मांड्या, कंबर आणि पाठ यांनी ओढायचे असते. ज्याच्या कमरेत जोर उरलेला नाही तो नुसत्या हातांनी ओढतो आणि पाठीत उसण भरते. हे सगळे दीड-दोन मिनिटांत, कोपऱ्यात एक मूल रडत असताना, शेजारी मोबाइलवर चित्रीकरण करत असताना, आणि आवाज न चढवता बोलत राहून करायचे असते. १६०० मीटर धावण्याने कमावलेला दम इथे थोडा कामी येतो. बाकीच्या गोष्टी, म्हणजे पकड, उचल, रेटा, ओढ, जमिनीवर जाऊन पुन्हा उठणे, आणि दम लागलेला असताना डोके थंड ठेवणे, यांची तपासणी खाते कधीच करत नाही.

पोलिसाच्या कामाची ठेवणच अशी आहे की बहुतेक वेळ उभे राहण्यात, बसण्यात, वाट पाहण्यात जातो आणि मध्येच, काही सूचना नसताना, शरीराकडे सर्व ताकद एकदम मागितली जाते. गणेश विसर्जनाच्या बंदोबस्ताला सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत उभा असलेला शिपाई गर्दी रेटू लागली की एका क्षणात साखळी धरून पाठ लावतो. पाय सुजलेले, कंबर आखडलेली, पोटात वडापाव, आणि हृदयाचे ठोके साठ-सत्तरवरून थेट दीडशेच्या पुढे. अशा उडीची किंमत काय असते याचा एक अभ्यास अमेरिकेत झाला. १९८४ ते २०१० या काळातले तिथल्या पोलिसांचे ४४१ आकस्मिक हृदयमृत्यू त्यात तपासले आणि २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने तो छापला. नेहमीच्या शांत कामाशी तुलना करता कुणाला आवरताना किंवा झटापटीत असा मृत्यू येण्याचा धोका ३४ ते ६९ पट निघाला, पाठलागात ३२ ते ५१ पट. अग्निशामकांबद्दलचा २००७ चा अमेरिकी अभ्यासही हेच सांगतो: प्रत्यक्ष आग विझवण्यात त्यांचा कामाचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, पण ड्युटीवर हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के त्याच वेळात झाले. झटापट टाळणे पोलिसाच्या हातात नसते. तिच्यासाठी हृदय आणि स्नायू तयार ठेवणे खात्याच्या हातात आहे.

सध्या खात्याकडे तंदुरुस्तीचे जे एक माप आहे ते वजनाचे. तिशीपुढच्या पोलिसाने बॉडी मास इंडेक्स २५ च्या आत राखला तर महिन्याला २५० रुपये भत्ता, ही ती योजना. रक्कम किती तुटपुंजी आहे ते बाजूला ठेवतो. माझी हरकत मापावर आहे. हा निर्देशांक म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणे. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस ७२ किलोपर्यंत २५ च्या आत राहतो. त्याच उंचीचा ८० किलोचा तालमीत मुरलेला मल्ल साडेसत्तावीसच्या पुढे जातो आणि भत्त्याला मुकतो. उलट ज्याच्या अंगात स्नायू उरलेले नाहीत, ज्याला दोन मजले चढून धाप लागते, असा किरकोळ माणूस भत्ता घेऊन जातो. आसाम पोलिसांनी २०२३ मध्ये हेच माप कडकपणे वापरले: तिथल्या महासंचालकांनी तीन महिन्यांची मुदत दिली, ऑगस्टमध्ये सगळ्यांचा निर्देशांक घेतला, आणि ३० च्या वर असणाऱ्यांना आणखी मुदत देऊन त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय पुढे केला. लठ्ठपणाचा प्रश्न खात्याने उघडपणे मांडला याचे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण शिक्षेच्या भीतीने तीन महिने उपाशी राहून घटवलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि तो माणूस आधीपेक्षा दुबळा होऊन वजनकाट्यावर उत्तीर्ण होतो.

कामाशी नाते नसलेल्या मापाने काय घडते याचे सर्वांत स्वच्छ विवेचन एका परदेशी निकालपत्रात आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात टॉनी मेओरिन ही स्त्री वणवे विझवणाऱ्या पथकात तीन वर्षे काम करत होती आणि तिच्या कामाबद्दल तक्रार नव्हती. मग सरकारने नवी शारीरिक चाचणी आणली. चारपैकी तीन भाग ती उत्तीर्ण झाली. चौथा होता अडीच किलोमीटर अकरा मिनिटांत धावण्याचा. तिला त्यापेक्षा पाऊण मिनिटाहून किंचित अधिक वेळ लागला आणि नोकरी गेली. १९९९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने सरकारला विचारले, की अकरा मिनिटांत जो धावू शकत नाही त्याला वणवा सुरक्षितपणे विझवता येत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवले? सरकारकडे उत्तर नव्हते. ज्या अभ्यासावर ती अट उभी होती त्याने त्या कामातल्या लोकांची कामगिरी मोजून सरासरी काढली होती. कामाला किमान किती लागते हे शोधलेच नव्हते. पहिल्या प्रयत्नात पुरुष ६५ ते ७० टक्के उत्तीर्ण होत आणि स्त्रिया ३५ टक्के, हेही न्यायालयाने नोंदवले. निकालाचा अर्थ 'चाचणी नको' असा नव्हता. चाचणी कामाला आवश्यक आहे हे मालकाने सिद्ध करावे, एवढाच होता.

हे फार दूरचे वाटत असेल तर झारखंड पाहावे. २०२४ मध्ये तिथल्या उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत पुरुषांना एका तासात १० किलोमीटर धावायला लावले आणि त्या भरतीत दहाहून अधिक तरुण उमेदवार दगावले. दारूच्या भट्ट्यांवर छापे घालणाऱ्या शिपायाला एका दमात १० किलोमीटर कधी धावावे लागते? कामातून न आलेली अट माणसे मारूही शकते. कामातून आलेली अट कशी असते त्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वनरक्षकाच्या निवडीत पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावे लागते. वनरक्षकाचे काम म्हणजे बीट पायी पालथे घालणे. चाचणी तेच मागते. आपल्याच खात्यात १९९० साली गडचिरोलीत उभ्या राहिलेल्या सी-६० पथकाची तयारीही अशीच कामावर बेतलेली आहे, कारण तिथे पाठीवर शिधा, हातात रायफल आणि पायाखाली जंगल असे दिवसच्या दिवस काढावे लागतात. तयारीतली उणीव तिथे लगेच जिवावर बेतते. पोलीस ठाण्यातल्या शिपायाच्या तयारीतली उणीव अशी लगेच दिसत नाही. ती वर्षानुवर्षे गुडघ्यात, मणक्यात आणि रक्तदाबात साठत जाते.

मग पोलिसासाठी अशी चाचणी कशी बनवावी? सुरुवात मैदानावरून करू नये, ठाणे डायरीवरून करावी. पोलीस ठाणे, वाहतूक शाखा, राज्य राखीव दल आणि ग्रामीण दूरक्षेत्र अशा चार ठिकाणी सहा महिने नोंद ठेवावी: शिपायाने काय उचलले, किती पायऱ्या चढला, किती अंतर धावला, कुणाला किती वेळ आवरून धरले, अपघातग्रस्ताला गाडीतून कसे काढले, विहिरीतून किंवा दरीतून प्रेत वर आणताना किती जण होते. नेहमी घडणारी कामे वेगळी काढावीत, आणि क्वचित घडणारी पण चुकली तर जीव जाईल अशी कामे वेगळी. मग दोन्हींतून एक फेरी तयार होईल. अमेरिका आणि कॅनडातल्या अग्निशामकांसाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बनलेली चाचणी अशीच आहे: अंगात सुमारे पावणेतेवीस किलोचे जॅकेट घालून जिना चढणे, पाण्याचा पाइप ओढणे, शिडी उभारणे, माणसाच्या वजनाचा पुतळा ओढत नेणे अशी आठ कामे, १० मिनिटे २० सेकंदांत, सलग. आपल्या पोलिसासाठी ती साधारण अशी असेल असे मला दिसते: चार मजल्यांचा जिना, पन्नास मीटरची धाव, छातीएवढी भिंत ओलांडणे, सत्तर किलोचे वाळूचे पोते दहा मीटर ओढणे, ढाल धरून रेटा सहन करणे, जमिनीवर पालथे पडून दोनदा उठणे, आणि हे संपल्याबरोबर, दम लागलेला असतानाच, सुरुवातीला दाखवलेल्या गाडीचा नंबर आणि माणसाचे वर्णन सांगणे. शेवटच्या भागाचा मी आग्रह धरीन, कारण पोलिसाची ताकद त्याच्या निर्णयासाठी असते. आकडे मात्र माझ्या किंवा कुणाच्या अंदाजाने ठरू नयेत. ते नोंदीतून यावेत.

ही चाचणी अवघड असण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये पोलिसांना वर्षातून एकदा पंधरा मीटरच्या खुणांमध्ये घंटीच्या ठेक्यावर ये-जा करून दाखवावी लागते. नेमून दिलेली पातळी साडेतीन मिनिटांच्या आसपास गाठता येते, ती स्त्री-पुरुषांना एकच आहे, आणि रोज थोडेफार चालणाऱ्या, अधूनमधून पळणाऱ्या माणसाला जड जात नाही. तिचे महत्त्व ती दरवर्षी येते यात आहे. तिशीतल्या माणसाला चाळिशी गाठेपर्यंत दहा वेळा कळते की आपण कुठे आहोत.

चाचणीपेक्षा तिच्यामागची तयारी मोठी. आज प्रशिक्षण विद्यालयात पीटी आणि परेड होते, आणि पुढे मुख्यालयाच्या परेडला जी काही उजळणी होईल ती. कवायतीने शिस्त येते, पथक एकजीव होते. पण एका सरळ रेषेत ताठ चालण्याने वजन उचलायची किंवा कुणाला आवरायची ताकद येत नाही. कामाला लागणाऱ्या व्यायामाला महागडी जिम लागत नाही. वाळूची पोती, जाड दोर, ट्रकचा जुना टायर, लाकडी मुदगल, एक जिना आणि लाल मातीचा हौदा एवढे साहित्य प्रत्येक पोलीस मुख्यालयात मावते. बैठका आणि जोर यांनी मांडी, कंबर आणि खांदा एकत्र काम करायला शिकतात. मल्लखांबाच्या दोरावर पकड बनते. आणि कुस्तीत समोरच्या माणसाला इजा न करता त्याचा तोल काढून खाली आणण्याची जी कला आहे, ती अटकेच्या कामाला जितकी जवळ आहे तितकी दुसरी कोणतीही नाही. महाराष्ट्राकडे हे ज्ञान शतकभराहून अधिक काळ आहे, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. सरकारने विजय चौधरी, नरसिंग यादव यांच्यासारख्या मल्लांना थेट पोलीस उपअधीक्षक केले. त्यांनी पदके आणावीत हे योग्यच आहे. त्यांच्याकडून दर जिल्ह्यातले वीस-पंचवीस शिपाई निदेशक म्हणून तयार करून घेतले, तर त्यांच्या नेमणुकीचा लाभ साऱ्या दलाला मिळेल. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे, हळूहळू वाढवत नेलेला भार, आणि पाठदुखी-गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी फिजिओथेरपिस्टने आखलेला वेगळा क्रम, एवढ्याने वर्षभरात फरक दिसेल.

आता हरकती. पहिली आणि सर्वांत खरी हरकत कोणताही शिपाई घेईल: वेळ कुठे आहे? 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' या संस्थांच्या २०१९ च्या अहवालासाठी देशभरातल्या जवळपास बारा हजार पोलिसांना विचारले गेले, तेव्हा दिवसाचे काम सरासरी चौदा तास निघाले. चौदा तास काम आणि दोन तास प्रवास करणाऱ्या माणसाला 'सकाळी उठून व्यायाम करा' असे परिपत्रक पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शरीर व्यायामाने ताकदवान होत नाही, व्यायामानंतरच्या झोपेत होते; झोप नसताना व्यायाम लादला तर दुखापतीच वाढतील. म्हणून ड्युटीचे तास आणि तंदुरुस्ती हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला होता, आणि त्याची कल्पना एका शिपायाकडूनच आली होती. पुढे तो शहरभर पसरला, पण राज्यभर कायमचा रुजला नाही. मनुष्यबळ कमी पडते हे त्यामागचे कारण सर्वांना ठाऊक आहे. तरीही आठवड्याचे दोन तास हजेरीपटावर 'ड्युटी' म्हणून लिहिणे आजही शक्य आहे. आजारपणाच्या रजेत आणि पाठीच्या शस्त्रक्रियांत खात्याचे किती मनुष्यदिवस जातात याचा हिशेब कुटुंब आरोग्य योजनेच्या कागदांत पडलेला आहे. तो काढला तर हे दोन तास खर्च वाटतात की बचत, हे आपले आपणच ठरवू शकाल.

दुसरी हरकत चाळिशी-पन्नाशीतल्या हवालदारांची आणि सहायक उपनिरीक्षकांची. चाचणी आली की नापास होणाऱ्याची बदली, बढती अडवणे, वरिष्ठाच्या मर्जीचा आणखी एक फास, अशी भीती त्यांना वाटेल, आणि खात्याचा इतिहास पाहता ती निराधार म्हणता येणार नाही. यावर उपाय नियमात लिहूनच करावा लागेल. पहिली तीन वर्षे निकालाचा बढती-बदलीशी काही संबंध नसावा. निकाल आरोग्य नोंदीइतका गोपनीय असावा. जो उत्तीर्ण होणार नाही त्याला तीन महिने अधिक प्रशिक्षणाचा वेळ मिळावा; वेळ देणे ही खात्याची जबाबदारी असावी. चाचणीआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी सक्तीचे असावेत. मघाशी सांगितलेल्या, पोलिसांवरच्या अमेरिकी अभ्यासात शारीरिक प्रशिक्षणाच्या वेळी येणाऱ्या मृत्यूचा धोकाही शांत कामाच्या २० ते २३ पट आढळला होता, म्हणून या तपासणीत सवलत नको. आणि पहिल्या वर्षी चाचणी आयुक्तांनी, अधीक्षकांनी आणि आपण स्वतः आधी द्यावी. वय झाले म्हणून सूट द्यावी, असा युक्तिवाद होतो. पण रस्ता वय विचारत नाही. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून राहिले, तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. त्यांच्या धैर्याला कोणतीही चाचणी मोजू शकणार नाही. पण चोपन्नाव्या वर्षीही पोलिसाला नाकाबंदीवर उभे केले जाते आणि त्याच्याकडून हे मागितले जाऊ शकते, हे ज्या खात्याने पाहिले आहे, त्याने त्या वयाच्या माणसाच्या शरीराची काळजी विशीतल्या उमेदवारापेक्षा अधिक घ्यायला हवी.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न नाजूक आहे आणि त्याला बगल देऊ नये. भरतीत आज अंतर निम्मे आणि गोळा हलका आहे. कामावर बेतलेल्या चाचणीत जखमी माणसाचे वजन स्त्रीसाठी कमी होणार नाही, मग त्या मागे पडतील का? नीट केलेल्या नोंदीतून बहुधा असे दिसेल की सत्तर किलोचा माणूस एकट्याने उचलण्याची वेळ पुरुष शिपायावरही क्वचितच येते. दोघे मिळून उचलतात, किंवा काखेत हात घालून ओढतात. चाचणीत तेच मागावे, दोघांनाही. मेओरिनच्या खटल्याने शिकवले ते हेच, की निकष कामावर घट्ट बांधला तर स्त्रियांना डावलणारा निरर्थक भाग आपोआप गळून पडतो. त्याशिवाय त्यांच्यासाठी वेगळे लागेल ते म्हणजे प्रसूती रजेनंतर टप्प्याटप्प्याने कामावर परतण्याचा लेखी क्रम, आणि त्यांच्या मापाची संरक्षक साधने. पुरुषी मापाचे बॉडी प्रोटेक्टर घालून बाईला दंगल नियंत्रणाला उभे करणे आणि मग तिच्या हालचाली मंद आहेत म्हणणे योग्य नाही.

एक हरकत नागरिकांच्या बाजूने येते आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते: पोलीस अधिक बलदंड झाले तर अधिक मारतील. कोठडीतल्या अत्याचारांचा इतिहास समोर असताना ही शंका कुणी घेतली तर तिला मान दिला पाहिजे. कोठडीतला मार हा दुबळेपणातून येत नाही. त्यावर कायदा, कॅमेरे आणि शिक्षा हेच उपाय आहेत, आणि व्यायामाने तो थांबेल असा दावा मी करणार नाही. पण रस्त्यावरचा बळाचा वापर वेगळा असतो. ज्याला समोरच्याला हाताने आवरता येते त्याच्याकडे काठी उगारण्याआधी आणखी दोन पर्याय असतात. ज्याचा दम संपला आहे, ज्याला आपण आता खाली पडू अशी भीती वाटते आहे, त्याच्याकडे काठी उरते, आणि काठीनंतर शस्त्र. म्हणून आवरण्याचे प्रशिक्षण, बोलून शांत करण्याचे प्रशिक्षण आणि शरीराची तयारी एकाच तासिकेत, एकाच निदेशकाकडून व्हावी, वेगवेगळ्या विभागांत विखरून नव्हे.

गुन्हे आता संगणकावर होतात, पोलिसाला ताकद कशाला, असेही विचारले जाते. सायबर शाखेतल्या कर्मचाऱ्यालाही निवडणुकीच्या आणि सणांच्या बंदोबस्ताला बाहेर काढले जाते, एवढे उत्तर पुरे.

माझी विनंती मर्यादित आहे. एक पोलीस आयुक्तालय, एक ग्रामीण जिल्हा आणि राज्य राखीव दलाचा एक गट निवडावा. पहिले सहा महिने फक्त कामाची नोंद व्हावी. नोंद घेणाऱ्यांत शिपाई आणि महिला शिपाई असावेत, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीरक्रियाशास्त्र विभाग सोबत असावा. पुढचे वर्षभर आठवड्याला दोन तासांचे ड्युटीतले प्रशिक्षण चालावे, आधी आणि नंतर चाचणी व्हावी, आणि दुखापती, आजारपणाच्या रजा व बळाच्या वापराच्या तक्रारी यांचे आकडे, नावे वगळून, विधिमंडळासमोर ठेवावेत. आकडे निराशाजनक आले तरी ते प्रसिद्ध व्हावेत. भरतीचे नियम बदलण्याचा विचार त्यानंतर करावा, कारण पहाटे रस्त्यावर पळणारी मुले आजच्या नियमांवर विसंबून तयारी करत आहेत आणि त्यांना किमान दोन वर्षे आधी सांगितल्याशिवाय एकही अट बदलू नये.

आपला विश्वासू,
महाराष्ट्राचा एक नागरिक